ऊन यावं, नजर येऊ नये

सहासष्ट सालच्या श्रावणात महादेवराव आपल्या सुनेला, शामलाबाईंना, घेऊन मौद्याहून नागपूरला त्यांच्या भावाकडं आले, तेव्हा श्रीधरच्या घराला अजून गिलावासुद्धा झाला नव्हता. खामल्याच्या वाटेवर नवा लेआउट पडला होता. रेल्वेच्या कचेरीत कारकून असलेल्या श्रीधरनं तिथं प्लॉट घेऊन दोन खोल्या आणि स्वयंपाकघर उभं केलं होतं. बाकी सगळी जागा मागं, परसात, उघडीबोडकी पडली होती. महादेवरावांनी चहा घेतला, पाऊसपाण्याचं बोलले, सुनेला थोडी हवापालट होईल म्हणाले आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. श्रीधरची बायको सुभद्रा पाहुणीची पेटी आत न्यायला गेली, तर ती एकटीच्यानं हलेना. चार दिवसांच्या मुक्कामाला कोणी पितळेच्या डब्यांसकट पेटी आणत नाही. सुभद्रानं नवऱ्याकडं पाहिलं, नवऱ्यानं बहिणीकडं पाहिलं.

शामलाबाई म्हणाल्या, "चार दिवस नाई, दादा. त्यायनं मले कायमचंच आणून सोडलं."

मग त्यांनी पदराआडचे हात बाहेर काढून दाखवले. दोन्ही मनगटांवर पांढरे डाग होते. मानेवर एक होता, आणि पाठ तर खांद्यापासून कमरेपर्यंत नकाशासारखी झाली होती. पहिला डाग लग्नाच्या दुसऱ्या वर्षी उठला. त्यानंतर सासरी त्यांचं ताट वेगळं झालं, मग पाण्याचा गडू वेगळा झाला, मग निजायची जागा. दिवाळीच्या आत बातमी आली की मौद्याला जावईबापूंनी गाजावाजा न करता दुसरं लग्न उरकलं.

सुभद्रालाही पहिले काही दिवस धास्ती होती. तिची दोन लेकरं लहान होती आणि आत्याच्या अंगाखांद्यावर खेळत होती. पण श्रीधर बहिणीला मेडिकल कॉलेजातल्या चामडीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला, तेव्हा सुभद्राही सोबत गेली. डॉक्टरांनी शामलाबाईंचा हात आपल्या हातात धरूनच सगळं बोलणं केलं. हे कोड, ते संसर्गानं होत नाही, एका ताटात जेवलं तरी काही होत नाही, असं सांगितलं. उपायाची खात्री त्यांनी दिली नाही. बावचीचं तेल लावायचं आणि डागांवर सकाळचं कोवळं ऊन घ्यायचं, हिवाळाभर, रोज, न चुकता. पाठीवर डाग आहेत तर पाठ उघडी टाकून बसायला हवं. काहींना गुण येतो, काहींना येत नाही.

परत येताना सुभद्राच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ऊन नागपुरात कोणाला कमी आहे? पण चोळी काढून बाईमाणसानं बसायचं कुठं?

घराला तीन बाजूंनी रस्ता आणि मोकळे प्लॉट. सकाळचं ऊन यायचं ते फक्त परसात, पूर्वेकडून. आणि पूर्वेलाच यमुताईंचं दुमजली घर. यमुताई महालातल्या जुन्या भोसलेकालीन घराण्यातल्या. यजमान पेन्शनीत निघाल्यावर शहरातली गर्दी सोडून इकडं आल्या होत्या. त्यांच्या वरच्या मजल्याची गॅलरी थेट या परसावर उघडायची, आणि त्या मजल्यावर कॉलेजात शिकणारी दोन पोरं भाड्यानं राहायची. थोडक्यात, जिकडून ऊन, तिकडूनच नजर.

श्रीधरनं बांबूचे तट्टे आणले आणि परसाच्या कोपऱ्यात आडोसा उभा केला. तट्टा ठेंगणा ठेवला तर गॅलरीतून दिसायचं, उंच केला तर ऊन अडायचं. शेवटी एक तट्टा तिरपा बांधून कसंबसं जमलं. हिवाळा असा गेला. मानेवरच्या डागाच्या कडेला तिळाएवढे काळे ठिपके उठले. डॉक्टर म्हणाले, चांगलं लक्षण आहे.

होळी झाली आणि एका सकाळी भर उन्हात वावटळ आली. पाचोळा, धूळ, कोणाकोणाचे वाळत घातलेले कपडे गोल गोल फिरत परसात घुसले आणि तट्टे पानासारखे उडून यमुताईंच्या अंगणात जाऊन पडले. सुभद्रा स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. शामलाबाई पाटावर पाठ उघडी टाकून बसल्या होत्या आणि गॅलरीत माणसं होती. किती होती, कोण होती, ते धुळीत नीट दिसलं नाही. सुभद्रानं आपला पदर सोडून त्यांच्यावर टाकला आणि त्यांना आत आणलं. त्या रडल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून त्यांनी मागचं दार उघडणं सोडलं. तेलाची बाटली कोनाड्यात तशीच पडून राहिली. यमुताईंच्या गड्यानं तट्टे आणून फाटकाशी ठेवले, तेही कोणी आत घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून यमुताईंच्या गॅलरीच्या कठड्यावर लुगडी वाळत पडू लागली. वाळली तरी संध्याकाळपर्यंत ती तिथंच असायची. श्रीधर म्हणाला, आडून बघायला बरी सोय केली त्यांनी. सुभद्रालाही तसंच वाटलं, आणि दोन्ही घरांमधलं जे थोडंफार बोलणं होतं तेही थांबलं.

मे महिना लागला. आता भिंतच घालावी असं श्रीधरच्या मनात होतं, पण तेवढी ताकद नव्हती. कचेरीत कोणीतरी त्याला बेशरम लावायला सांगितलं. नाल्याच्या काठावर हवी तेवढी मिळते, फांदी खोचली की दोन महिन्यांत माणसाएवढी होते, ढोरं तोंड लावत नाहीत. जेवताना तो हे सांगत होता आणि सुभद्राला त्या नावाचंच हसू येत होतं. घरच्या लेकीची लाज राखायला बेशरम. शामलाबाई वाढत होत्या. कित्येक दिवसांत त्या आपणहून काही बोलल्या नव्हत्या. हातातली वाटी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "दादा, पावसाळ्यात सारंच हिरवं राह्यते. मे महिन्यात जे हिरवं दिसन, तेच आपलं."

शामलाबाई कळमेश्वरच्या चंपतरावांची लेक. श्रीधर लहानपणीच शिकायला शहरात आला, पण त्या तिथंच शेतात वाढल्या होत्या. पाठ उघडी टाकायची ती हिवाळ्यात हे खरं, पण कुंपण असं हवं की उन्हाळ्यात ते मरून हिवाळ्याला पुन्हा बोडकं व्हायला नको, एवढा त्यांचा साधा हिशोब होता. मग कोणती झाडं मेमध्ये हिरवी असतात, असं श्रीधरनं विचारलं. त्या म्हणाल्या, ते पाहावं लागेल, हिंडून.

आणि जी बाई मागचं दार उघडत नव्हती, ती दुसऱ्या दिवशी दुपारी चप्पल घालून पुढच्या दारात उभी राहिली. सुभद्राला आधी वाटलं, हिला ऊन लागलं. मेच्या दुपारी नागपुरात कोण बाहेर पडतं? पण तेच तर कारण होतं. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. खिडक्या बंद, दुकानांच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या, रिक्षावाले झाडाखाली आडवे. बघायला कोणीच नाही. डोक्याला ओला पंचा बांधून, ऊन बाधू नये म्हणून पदराच्या टोकाला कांदा बांधून त्या दोघी निघायच्या. बर्डीपर्यंत बसनं आणि पुढं पायी. कधी धरमपेठ, कधी अंबाझरीकडं, कधी सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांमागून. सुभद्रानं लग्नानंतर इतकं नागपूर कधी पाहिलं नव्हतं. नणंदेला इतकं बोलतानाही तिनं तेव्हाच ऐकलं.

शामलाबाई एकेक कुंपण हात लावून बघायच्या. पुढून नाही, मागच्या बाजूनं. मेंदी बरी होती, पण बुडाशी काड्याच राहिलेल्या. तिच्या आरपार रस्ता दिसायचा. विलायती चिंच दाट, पण तिचे काटे लेकरांच्या पायात जाणार. सीताफळाची सगळी पानं गळलेली. पिवळ्या कन्हेरीपाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. हिरवीगार, उंच, बकरी हुंगून पुढं जाते अशी. सुभद्राला ती एकदम आवडली. शामलाबाईंनी खाली पडलेली एक बी उचलली आणि म्हणाल्या, ही नाही. या बियांनी पोरं खेळतात, आणि एखादी तोंडात गेली तर जीव जातो. आपल्या घरात दोन लेकरं आहेत. बोगनवेल सुंदर दिसली, तर तिला चढायला आधार हवा आणि तिलाही काटे. अशोक सगळ्या बंगल्यांना होता. त्याच्याकडं त्यांनी मान वर करून पाहिलं आणि सोडून दिला. तो वर जातच राहतो, आपल्याला थांबणारं झाड पाहिजे.

सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्याच्या मागं, धुण्याच्या दगडापाशी, त्यांना अडुळसा सापडला. माणसाच्या डोक्याच्याही थोडा वर, बुडापासून शेंड्यापर्यंत रुंद पानांनी भरलेला. भांडी घासणारी रंभाबाई नावाची बाई तिथं बसली होती. तिला विचारलं तर म्हणाली, याला कोणी मुद्दाम पाणी घालत नाही, धुण्याभांड्याचं वाहून जातं तेवढंच. दोन दिवस पाणी नाही मिळालं तर माना टाकतो, मिळालं की पुन्हा उभा. बकऱ्या? बकऱ्यांना कडू लागतो. तगर त्यांना तेलंगखेडीच्या एका देवळामागं दिसली. गर्द, नीटस, पांढऱ्या फुलांची, आणि पुजाऱ्याच्या हातात येईल एवढ्याच उंचीची. फांदी मोडली की चीक येतो म्हणून गुरं तिच्याही वाटेला जात नाहीत.

त्या दिवशी परतताना शामलाबाईंच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता आणि बाह्या कोपरापर्यंत वर गेल्या होत्या. बसथांब्यावर एक म्हातारा त्यांच्या हातांकडं बघत होता. सुभद्रा मध्ये येऊन उभी राहिली. त्या मात्र अडुळसा बाहेर लावायचा की तगर, याच विचारात होत्या.

अडुळसा बाहेर, तगर आत, असं ठरलं. पण दोन्हीला भरायला दोन-तीन पावसाळे लागणार, तोवर काय? यावर शामलाबाईंनी जे ठरवलं ते ऐकून चंपतराव स्वतः कळमेश्वरहून बी घेऊन आले. शामलाबाईंनी तूर पेरली. आषाढात पेरलेली तूर मार्गशीर्षापर्यंत माणसाच्या डोक्यावर जाते आणि अशी दाटते की पलीकडचा बैल दिसू नये. ज्या महिन्यांत आडोसा हवा, नेमक्या त्याच महिन्यांत ती उभी असते, आणि वर शेंगाही देते. चंपतरावांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुभद्राला म्हणाले, "हे माह्या ध्यानात काहून नाई आलं गा?" गडीमाणसासारखं "गा" म्हटल्याचं सुभद्राला हसू आलं. म्हातारा हरखला की त्याला गडी-बाईचं भान राहत नसे.

काळी माती मोठी वाईट. पावसात चिखल धरते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि त्या भेगांत कोवळी मुळं तुटतात. शामलाबाईंनी चर खणून घेतला, त्यात मुरूम आणि शेणखत कालवलं, आणि न्हाणीचं पाणी पाटानं थेट त्या चरात सोडलं. रंभाबाईकडून आणलेल्या अडुळशाच्या काड्या तुरीच्या पलीकडं लावल्या, तगरीची रोपं अलीकडं. सुभद्रा घमेली वाहून देत होती. चिखलानं माखलेल्या हातांवर डाग कुठला आणि कातडी कुठली ते कळत नव्हतं.

मार्गशीर्ष आला. तूर भरली, पिवळी फुलं जाऊन शेंगा धरल्या. आता बसायचं कुठं, हा प्रश्न उरला. तुरीला फार चिकटून बसलं तर सावली, फार मागं सरलं तर गॅलरीतून दिसणार. मधे कुठंतरी एक जागा होती जिथं ऊन तुरीच्या शेंड्यावरून यायचं आणि नजर तुरीतच अडायची. शामलाबाईंनी एका बांबूला चिंधी बांधून सावली कुठवर येते ते रोज सकाळी पाहिलं आणि उन्हाची बाजू पक्की केली. नजरेची बाजू मात्र इथून कळणार नव्हती. ती गॅलरीत उभं राहूनच कळली असती.

हे काम सुभद्रानं आपल्याकडं घेतलं. तिनं तुरीच्या शेंगांनी टोपली भरली आणि इतक्या दिवसांनी यमुताईंच्या घरी गेली. शेंगा दिल्या, इकडचंतिकडचं बोलली, आणि जरा वर जाऊन बघू का असं भीत भीत विचारलं. यमुताई काही न विचारता तिला वर घेऊन गेल्या. कठड्यावर नेहमीसारखी लुगडी होती. यमुताईंनी एक लुगडं बाजूला केलं.

"बघ, दिसते का ती," त्या म्हणाल्या.

सुभद्रानं पाहिलं. हिरव्या तुरीपलीकडं फक्त चिंधी बांधलेला बांबू दिसत होता. शामलाबाई त्याच्या बुडाशीच बसलेल्या होत्या, हे तिला माहीत होतं म्हणून. नाहीतर परस रिकामं आहे असंच कोणीही म्हटलं असतं.

"नाई दिसत," ती म्हणाली.

"मग आता ही लुगडी काढायला हरकत नाही," यमुताई म्हणाल्या. "त्या दिवशी तुमचे तट्टे उडाले, तेव्हा इथं मी आणि माझी सून होतो. ती भाड्याची पोरं कॉलेजात गेली होती. पण उद्या असतील, म्हणून मी कठडा झाकून टाकला. तुला सांगायला येणार होते, पण म्हटलं, सांगायला गेलं म्हणजे पाहिलं असं कबूल करायचं. तिला आणखी लाज वाटेल."

नऊ महिने या बाईची लुगडी उन्हापावसात विटत होती आणि आपण तिच्या घराकडं पाठ फिरवून बसलो होतो. तिनं तिथंच वाकून नमस्कार केला. घरी येऊन नणंदेला सांगितलं, तेव्हा शामलाबाई बराच वेळ तुरीच्या शेंगा सोलत राहिल्या. मग उठल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः जाऊन यमुताईंना म्हणाल्या, "तुमचे गुडघे दुखून राहिले म्हणतात. आमच्या परसात चांगलं ऊन येते. येत जा."

तिथून त्या परसाचे दिवस पालटले. यमुताई पाटावर पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळायच्या, शामलाबाई त्यांच्याकडं पाठ करून बसायच्या. काही दिवसांनी त्यांच्या पाठीला बावचीचं तेलही यमुताईच लावू लागल्या. त्यांची सून पहिल्या बाळंतपणानंतर पोराला घेऊन यायची. तिच्यामागून लेआउटमधल्या आणखी बायका आल्या. नव्या नव्या घरांना ना ओसरी होती ना माजघर. डोक्यावरचा पदर काढून, केस मोकळे सोडून दोन घटका उन्हात बसायला बाईमाणसाला जागाच नव्हती. ती इथं मिळाली. पौषात तुरीच्या शेंगा उकडून मीठ लावून खायच्या, हसायचं, सासवांविषयी बोलायचं. शामलाबाईंच्या हातांकडं पहिल्या दिवशी प्रत्येक बाई बघायची, आणि चौथ्या दिवशी त्याच हातांतून शेंगा घ्यायची.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर तुरीची गरज राहिली नाही. अडुळसा आणि तगर एकमेकांत शिरून अशी भिंत झाली की तिच्यात बुलबुलांनी घरटी केली. शामलाबाई दर दसऱ्याला तिचे शेंडे छाटायच्या. एक टोक जास्त वाढू द्यायच्या नाहीत आणि एक कमी होऊ द्यायच्या नाहीत. हिवाळ्यात कोणाला खोकला झाला की अडुळशाच्या पानांसाठी लोक यायचे. पानं देता देता काड्याही द्यायची वेळ आली, कारण प्रत्येकीला आपल्या मोरीमागं, न्हाणीमागं, खिडकीपुढं काहीतरी लावायचं होतं. डालड्याच्या रिकाम्या डब्यांत रोपं लागली. डबे वाढत वाढत न्हाणीपर्यंत गेले. श्रीधरनं एक दिवस फाटकावर लाकडाची पाटी ठोकली, नुसतं "रोपे मिळतील" एवढं लिहून.

पण रोप घेऊन लगेच कोणाला जाऊ देतील तर त्या शामलाबाई कसल्या. ऊन कुठून येतं, नजर कुठून येते, गुरं कुठून येतात, सांडपाणी कुठं जातं, हे सगळं विचारल्याशिवाय त्या डबा हलवू द्यायच्या नाहीत. उत्तर पटलं नाही तर त्या स्वतः जाऊन बघायच्या. खिडकीसाठी झाड मागायला आलेल्या एका बाईला त्यांनी पडदा शिवून घ्यायला सांगितलं, कारण त्या खिडकीला वारा हवा होता आणि झाडानं तोच गेला असता. कोणाला शेवगा सांगितला, कोणाला जास्वंद, एका घरी नुसती मधुमालती. अडुळसा आपल्याला फळला म्हणून तो सगळ्यांच्या गळ्यात मारायचा, असं त्यांनी कधी केलं नाही. सुभद्राला नणंदेतलं सगळ्यात जास्त काय आवडायचं, तर हेच.

डागांचं काय झालं? मानेवरचा पूर्ण गेला. पाठीवरचे निम्म्याहून अधिक भरून आले. हातांवरचे मात्र तसेच राहिले, एक नवा कोपराशी उठलासुद्धा. सहा हिवाळे झाल्यावर डॉक्टरांनी औषध बंद करायला सांगितलं. शामलाबाईंनी तेलाची बाटली यमुताईंच्या गड्याला दिव्यासाठी देऊन टाकली आणि लांब बाह्यांच्या चोळ्या उसवून सुभद्राच्या लेकीची पोलकी शिवली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, बाहत्तर साली, महादेवराव पुन्हा आले. आता ते खूपच वाकले होते. दुसरी सून दोन लेकरं मागं ठेवून वारली होती. थोरल्या सूनबाई बऱ्या झाल्याचं त्यांनी कोणाकडून तरी ऐकलं होतं. श्रीधरला संताप आवरेना, तो उठून बाहेरच गेला. शामलाबाईंनी सासऱ्यांना परसात नेलं, सावलीत पाट मांडला, चहा आणून दिला. हात त्यांनी लपवले नाहीत. महादेवराव त्या हातांकडं पाहत राहिले.

"बऱ्या झाल्या म्हनून आलो व्हतो," ते म्हणाले.

"डाग आहेतच, मामाजी. ते आता जाणार नाई, अन् मीही ते झाकून राहिली नाई."

"तरी चाल बाई. लेकरायले आई पाह्यजे."

सुभद्रा दारामागं उभी राहून ऐकत होती. लेकरांचं नाव निघालं की ही बाई विरघळते, हे तिला ठाऊक होतं.

"लेकरायले सुट्टीत इकडं धाडा," शामलाबाई म्हणाल्या. "मी त्यायले सांभाळीन. त्यायचा काही दोष नाई. पन मी मौद्याले येणार नाई. जिथं माह्या पाण्याचा गडू वेगळा ठेवला, तिथं मी कोनाचा गडू भरू?"

महादेवराव जायला उठले. जाताना शामलाबाईंनी त्यांना खोकल्यासाठी अडुळशाची पानं बांधून दिली, कारण आल्यापासून ते खोकत होते. ती लेकरं, देवकी आणि तिचा भाऊ, पुढं खरोखरच दर उन्हाळ्यात यायची. देवकी तर सातवीनंतर शिकायला म्हणून इथंच राहिली. तिला लोक विचारत, ही तुझी कोण? ती सांगायची, मोठी आई.

त्र्याऐंशी साली लकडगंजातल्या एका धर्मादाय प्रसूतिगृहाकडून शामलाबाईंना बोलावणं आलं. यमुताईंची ती सून आता तिथल्या समितीत होती. प्रसूतिगृहाच्या मागं चांगलं अंगण होतं, पण त्याला लागून आरागिरण्या, आणि त्यांच्या लाकडांच्या थप्प्यांवर दिवसभर हमाल बसलेले. बाळंतिणी बाळांना ऊन द्यायला बाहेर येत नसत. विश्वस्तांपैकी मधुकरराव नावाचे एक लाकडाचे व्यापारी, मोठे दिलदार आणि हौशी गृहस्थ, त्यांनी अशोकाची रोपं आणवूनही ठेवली होती.

शामलाबाई सुभद्राला सोबत घेऊन गेल्या. आता दोघींचे केस पांढरे व्हायला लागले होते. पहिले दोन दिवस त्यांनी काहीच सांगितलं नाही, नुसत्या अंगणात वेगवेगळ्या वेळी बसून आल्या. एकदा थप्पीवर चढून हमालांशी बोलल्या, तेही सुभद्रानं पाहिलं. मग मधुकररावांना त्या म्हणाल्या, अशोक देखणा आहे, तो पुढच्या बाजूला फाटकाशी लावा, रस्त्यावरून शोभा दिसेल. मागं मात्र तो सकाळचं ऊन खाईल आणि बाळांना सावलीत बसावं लागेल. शिवाय गिरणीचा भुसा पानांवर बसतो, म्हणून इथं असं पान हवं जे पाणी मारलं की धुतलं जाईल. त्यांनी तगर सांगितली, दोन ओळींत, आणि तिच्या बाहेर गिरणीच्या बाजूला निरगुडी. मधुकररावांनी दोन-चार प्रश्न विचारले, मोकळेपणानं हसले आणि म्हणाले, पुढची बाजू माझी, मागची तुमची. त्यांनीच मग गिरणीवाल्यांना सांगून पहिल्या दोन हिवाळ्यांसाठी त्या बाजूला फळ्यांची थप्पी उंच रचून घेतली, झाडं वाढेपर्यंत. ही युक्ती शामलाबाईंना इतकी आवडली की पुढं कितीतरी दिवस त्या घरी तेच सांगत होत्या.

तगर भरली त्या हिवाळ्यात सुभद्रा पुन्हा त्यांच्यासोबत तिथं गेली. सकाळची वेळ होती. आरा ओरडत होता, लाकडाचा वास सुटला होता. अंगणात पाच-सहा बाळंतिणी चटयांवर बसल्या होत्या. एक अगदीच पोरसवदा मुलगी, बहुधा पहिलटकरीण, दारातच घुटमळत होती. तिनं झाडांकडं पाहिलं, पलीकडचं काही दिसतं का ते वाकून पाहिलं, आणि मग येऊन उन्हात बसली. डोक्याचा रुमाल सोडला, बाळाचं दुपटं उकललं, आणि त्याला आपल्या गुडघ्यांवर पालथं घातलं.

सुभद्रानं हे दाखवायला वळून पाहिलं, तर नणंदबाई जागेवर नव्हत्या. त्या पार कोपऱ्यात उभ्या राहून तिथल्या आयाबाईला समजावून सांगत होत्या की दुपटी धुतलेलं पाणी नालीत सोडू नको बाई, ते इकडं झाडांना वळव.